गाण्यानं आलेला जोश जातो कुठं?

एका भावाचा प्रश्न आला आहे. यवतमाळ जिल्ह्यातलं खेडं, वय चोवीस, बी.ए. झालेलं, पोलीस भरतीची तयारी सुरू, उरलेला वेळ बाबांसोबत वावरात. ते लिहितात: "ताई, आवडती गाणी माणसाला घडवतात असं सगळे सांगतात. मी रोज रात्री हेडफोन लावून तीच सात-आठ गाणी ऐकतो. काही जोशाची आहेत, काही दर्दभरी. ऐकताना वाटतं, उद्यापासून आपण वेगळाच माणूस. सकाळी उठलो की तोच मी. बाबा म्हणतात, गाण्यानं कोणाचं पोट भरलं का? गाण्यांचा स्वतःला घडवायला खरंच उपयोग होतो का? होत असेल तर कोणती ऐकू?"

भाऊ, मी अमरावती-यवतमाळकडच्या गावांमध्ये समुपदेशनाचं काम करते. शाळेतली लेकरं, भरतीची तयारी करणारी पोरं, बचत गटातल्या बाया, दारू सोडू पाहणारी माणसं, असे सगळे येतात. आणि शाळेत होते तेव्हापासून गावच्या महिला भजन मंडळात पेटीवर बसते. ही दोन कामं माझ्याकडे कधी वेगळी राहिली नाहीत. म्हणून उत्तर जरा लांब होईल, सवडीनं वाचा.

तुम्ही शेवटी विचारलं की कोणती गाणी ऐकू. पण खरी अडचण तुमच्या वाक्यांत त्याच्या आधीच येऊन गेली आहे. ऐकताना वाटतं, सकाळी तोच मी. म्हणजे गाणं त्याचं काम करतंय, जोश येतोय. फक्त तो येतो रात्री साडेअकराला, तुम्ही अंथरुणावर पडलेले असताना. त्या वेळी त्या जोशानं करावं तरी काय? धावायला जाता येत नाही, पुस्तक उघडायची ताकद नसते, बोलायला कोणी जागं नसतं. तो आला तसा विरून जातो. तेव्हा प्रश्न गाण्यांच्या निवडीचा फारसा नाही. तुमची गाणी दिवसातल्या कोणत्या घडीला आणि कोणत्या कामाला लागलेली आहेत, याचा आहे.

आवडत्या गाण्यानं अंगावर काटा येतो, त्यावर अभ्यास झालेला आहे. कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की गाण्यातली ती उत्कट जागा आली की मेंदूत डोपामिन स्रवतं, आणि जागा यायच्या आधी, नुसती वाट पाहतानाही स्रवतं. काहीतरी चांगलं मिळतंय, मिळणार आहे, या जाणिवेशी जोडलेलं हे रसायन. यापुढचं माझं मत आहे, त्या अभ्यासाचं नाही. ज्याला दिवसभरात दुसरीकडून काही मिळाल्यासारखं वाटत नाही, त्याला गाण्यातलं हे मिळणं पुरेसं वाटू लागतं. पाच मिनिटांत अंगावर वर्दी चढते, गावात मिरवणूक निघते, बाबांचे डोळे भरून येतात. सगळं मनात होऊन जातं. मग सकाळी पाचला उठून १६०० मीटर पळायची ओढ कमी होणारच.

तुमच्या दर्दभऱ्या गाण्यांचंही असंच आहे, जरी ती उलट्या दिशेची वाटत असली. प्रत्येक गाणं ऐकणाऱ्याला एक जागा देतं. जोशाच्या गाण्यात तुम्ही जग हलवणारा वाघ असता. दर्दाच्या गाण्यात तुम्ही असे एक असता ज्याला कोणी समजून घेतलं नाही. मी पोरांना विचारते, या गाण्यात तुम्ही कोण आहात, आणि त्या माणसाला उद्या सकाळी काय करावं लागतं? वाघाला काही करावं लागत नाही, तो आधीच जिंकलेला आहे. ज्याला कोणी समजून घेतलं नाही त्यालाही काही करावं लागत नाही, कारण दोष सगळा दुसऱ्यांचा आहे. दोन्हींपैकी एकालाही पाचचा गजर लावायची गरज पडत नाही. रोज तासभर अशा जागी राहिलं की ती जागा आपली वाटायला लागते, आणि माझ्या दृष्टीनं गाण्याचा माणसावर होणारा सगळ्यात खोल परिणाम हाच आहे. चांगलं गाणं असलं तर चांगल्या दिशेनं, नसलं तर दुसऱ्या.

आता आपल्या भागाकडे पाहा. आपल्याकडे गाणं असं मोकळं, कशालाही न बांधलेलं, फारसं नव्हतंच. ओवी दळणाची होती. भुलाबाईची गाणी भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंतची, घरोघरी जाऊन पोरींनी म्हणायची आणि शेवटी खाऊ ओळखायचा. पोळ्याच्या झडत्या, म्हणजे त्या दिवशी म्हणायची कवनं, तोरणाखाली बैल उभे असतानाच्या. कार्तिकातला काकडा पहाटेचा. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना तिन्हीसांजेची आणि रामधून भल्या सकाळची. गाणं आलं की काम आठवायचं आणि काम आलं की गाणं.

हे बंधन किती घट्ट असतं ते मला म्हाताऱ्या बायांनी शिकवलं. मी त्यांच्याकडून ओव्या लिहून घेते. समोर वही घेऊन बसलं की म्हणतात, "अशा बसल्या बसल्या नाही आठवत वं बाई." मग बोलता बोलता त्यांचा रिकामा हात आपोआप गोल फिरायला लागतो, खुंटा धरल्यासारखा, आणि एकामागून एक ओव्या यायला लागतात. जातं घरातून जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी ओवी हातातच राहिली आहे. एका घरी तर अशी आजी आहे जिला आता मुलाचं नाव नीट आठवत नाही, पण अभंगाचा पहिला चरण म्हटला की पुढचे सगळे ती म्हणते, चालीसकट. तरुणपणी ऐकलेली, म्हटलेली गाणी सगळ्यात खोल बसतात, हे मानसशास्त्रातही चांगलं माहीत असलेलं आहे. साधारण दहाव्या वर्षापासून पंचविशी-तिशीपर्यंतच्या आठवणी माणसाला म्हातारपणी सगळ्यात जास्त येतात आणि त्या काळातली गाणीही. तुम्ही चोवीस वर्षांचे आहात. आत्ता रात्री जे कानात घालताय ते साठाव्या वर्षीही तुमच्यासोबत असणार आहे. म्हणून मला तुमचा प्रश्न लहान वाटत नाही.

आपल्या दोन संतांकडे मी या नजरेनं पुन्हा पुन्हा पाहते. गाडगेबाबा (१८७६ ते १९५६) आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. ते गावात आले की आधी खराटा हातात घ्यायचे. दिवसभर गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन. कीर्तनातही नुसतं सांगत नसत, समोरच्या लोकांना प्रश्न विचारत, उत्तर त्यांच्या तोंडून काढत. हा क्रम बदलून पाहा, आधी कीर्तन आणि नंतर जमलं तर सफाई, म्हणजे लक्षात येईल काय हरवलं असतं. लोकांनी दिवसा जे डोळ्यांनी पाहिलं होतं तेच रात्री कानावर पडत होतं.

तुकडोजी महाराजांचं (१९०९ ते १९६८) भजन खंजिरीवरचं. खंजिरी एका हातात मावते, बैलबंडीतून नेता येते, तिला वीज लागत नाही आणि गावातलं कोणीही ती शिकू शकतं. १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला आणि पुढे गावोगावी मंडळं झाली. १६ ऑगस्ट १९४२ ला, नागपंचमीच्या दिवशी, चंद्रपूरकडचं चिमूर इंग्रजांविरुद्ध उठलं. त्यामागे महाराजांच्या भजनांनी तयार केलेली हवा होती, हे तिकडे आजही अभिमानानं सांगतात. त्याच महिन्यात महाराजांना अटक झाली आणि पुढे नागपूर-रायपूरच्या तुरुंगात ठेवलं गेलं. भजन म्हणणाऱ्या माणसाला सरकारनं तुरुंगात घालावं, इतकी त्या गाण्यांत ताकद होती. ती गाणी कोणी एकट्यानं पांघरुणात ऐकलेली नव्हती. गाव एकत्र बसून, टाळी देऊन, म्हणत होतं.

तिसरं उदाहरण भीमगीतांचं. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा झाली, त्याच्या आधीपासून जलसे होते, नंतर तर घराघरात गाणी झाली. आमच्या गटातली एक मावशी निंदण करताना बाबासाहेबांची गाणी म्हणायची. तिला स्वतःला सही येत नव्हती. तिच्या तिन्ही पोरी शिकल्या. मी तिला एकदा विचारलं तर म्हणाली, "गाण्यात रोज म्हणत होतो शिका म्हून. मंग घरची पोरगी शाळेत नाही धाडली तं त्वांड कसं उघडू?" माझ्या सगळ्या कामात गाण्याबद्दल इतकं नेमकं कोणी बोललेलं नाही. चार बायांसमोर मोठ्यानं म्हटलेलं गाणं माणसाला बांधून घेतं, कारण म्हणणारीचा शब्द तिच्यावरच येतो.

मोबाईलनं गाणं या सगळ्यातून सोडवलं. त्यात चांगलंही झालं, मी नाकारत नाही. ज्या पोरीला मंडळात बसायची मुभा नव्हती तिच्याही कानापर्यंत जगभरचं संगीत पोचलं. रात्री जागलीला वावरात एकटा बसलेला माणूस रानडुकरं हाकायला आणि स्वतःची भीती घालवायला गाणीच लावतो. पण सुटलेलं गाणं कशाला तरी पुन्हा बांधलं जातंच, आपण बांधलं नाही तर सवय बांधते. तुमची गाणी तुमच्या नकळत अंथरुणाला आणि एकटेपणाला बांधली गेली आहेत. आता दोन सूर वाजले तरी अंग आडवं व्हायला मागत असेल.

ती सोडवून दुसरीकडे बांधायची कशी, ते माझ्या अनुभवातून सांगते. यातलं किती लागू पडेल हे तुमच्या परिस्थितीवर आहे. ज्याचा स्वभाव एकच गोष्ट घोळवत राहण्याचा आहे त्याला दर्दभरी गाणी जास्त जड जातात. दुसरा तीच ऐकून हलका होतो आणि शांत झोपतो. घरात नुकतंच कोणी गेलं असेल, नापिकी झाली असेल, लग्न मोडलं असेल, तर रडवणारं गाणं ही त्या माणसाची गरज असते आणि मी तिला हात लावत नाही. तुमच्या पत्रावरून तसं काही दिसत नाही, पण पत्रावरून सगळं कळत नाही.

पहिलं काम वहीचं. एक आठवडा काहीही बदलू नका. फक्त कोणतं गाणं किती वाजता ऐकलं आणि ते संपल्यावर पुढचा अर्धा तास काय केलं एवढं लिहा. गाणं ऐकताना काय वाटलं ते लिहू नका, ते प्रत्येक वेळी छानच वाटतं. पुढच्या अर्ध्या तासाची रांग डोळ्यांसमोर आली की बहुतेक पोरं माझ्याकडे न येताच अर्धं उत्तर शोधतात.

मग धावणं. तुमच्या जोशाच्या गाण्यांपैकी एक निवडा आणि ते रात्रीच्या यादीतून काढा. वहीचा आठवडा संपला की ते फक्त पहाटेचं. गजर वाजला की तोंड धुताना, बूट बांधताना ते लावायचं, एकदाच. संपलं की मोबाईल घरी ठेवून बाहेर पडायचं. दिवसात दुसऱ्या कोणत्याही वेळी, मित्राच्या गाडीवर असलात तरी, ते मुद्दाम लावायचं नाही. पहिले काही दिवस काहीच होणार नाही. त्यानंतर ते सुरू झालं की पाय बूट शोधायला लागतील. माझ्याकडे येणाऱ्या भरतीच्या पोरांमध्ये हा एक उपाय सगळ्यात जास्त टिकलेला पाहिला आहे. मोडतो तो एकाच कारणानं, तेच गाणं पुन्हा रात्री ऐकायला लागले की.

धावताना कानात गाणं ठेवू का, असं पुढे विचाराल. मध्यम वेगाच्या धावण्यात पावलांशी जुळणाऱ्या लयीचं गाणं असलं की दम कमी लागल्यासारखा वाटतो, हे खरं आहे. मिनिटाला १२० ते १४० ठोक्यांची लय त्यासाठी बरी पडते. पण पूर्ण जीव तोडून धावताना हा फायदा फार उरत नाही, तेव्हा शरीरच इतकं ओरडत असतं की गाणं मागे पडतं. शिवाय मैदानावर चाचणीच्या दिवशी कानात काही घालता येत नाही. कानातल्या गाण्यावर वेग बसवलेली पोरं त्या दिवशी बावरतात. म्हणून सरावाला एखादा दिवस ठीक, एरवी गाणं मनातल्या मनात म्हणत पळायची सवय लावा. मनातलं गाणं कोणी काढून घेत नाही. आणि रस्त्यावर पहाटे अंधारात ट्रॅक्टर, टिप्पर चालतात, कान उघडे असलेले बरे.

अभ्यासाच्या वेळी शब्द असलेली गाणी नकोत. वाचताना डोक्यात शब्द चालू असतात, गाण्याचे शब्द त्यात घुसतात. अंकगणित सोडवताना एखाद्याला चालतं, पण सामान्य ज्ञान आणि मराठी व्याकरण वाचताना नुकसानच होतं. अभ्यासिकेत हेडफोन लावून बसलेली पोरं मी पाहते, दोन तासांनी विचारलं तर गाणी सांगता येतात.

आता रात्र. इथं जरा थांबते, कारण तुमचा गुंता इथेच आहे. दर्दभरी गाणी एकदम बंद करा असं मी कधी सांगत नाही. मन उदास असताना एकदम धिंगाणा गाणं लावलं तर ते अंगावर येतं, खोटं वाटतं. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ इरा आल्टशुलर यांनी १९४० च्या दशकात रुग्णांसोबत संगीत वापरताना एक रीत मांडली होती. माणूस ज्या मनःस्थितीत आहे तिच्याशी जुळणाऱ्या संगीतानं सुरुवात करायची आणि मग हळूहळू त्याला जिकडे न्यायचं तिकडचं संगीत आणायचं. मंडळात आम्ही हेच करतो, फक्त त्याला नाव दिलेलं नव्हतं. तेराव्याच्या आधीच्या भजनात पहिली पदं संथ, मरणाचीच असतात. मग नामाची, मग थोडी चढी लय, आणि उठताना सगळ्यांच्या हातात टाळ्या असतात. घरचे लोक रडून झालेले असतात आणि चहा मागतात.

तुम्ही तेच करा. चार गाण्यांची एक माळ लावा. पहिलं तुमचं आत्ताचं मन जसं आहे तसं. दुसरं त्याहून जरा शांत. तिसरं बिनशब्दांचं असलं तरी चालेल, बासरी, सनई, काही. चौथं असं की जे ऐकून उद्याची आठवण येते आणि त्या आठवणीची भीती वाटत नाही. एकच गाणं पुन्हा पुन्हा फिरवत ठेवायचं नाही, एवढं मात्र पाळा, कारण घोळवत राहण्याची सवय तिथूनच पक्की होते. पडून न ऐकता बाहेर अंगणात, ओट्यावर बसून ऐका. चौथं संपलं की मोबाईल चार्जिंगला, तोही दुसऱ्या खोलीत. सुरुवातीला चौथं गाणं तुम्हाला परकं वाटेल. हरकत नाही. एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली की ती आवडू लागते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोन्त्स यांनी १९६८ मध्ये प्रयोगांनी दाखवलं होतं. आवडती गाणी नशिबानं मिळतात असं आपण समजतो, पण ती बऱ्याच प्रमाणात घडवताही येतात. ज्यानं आपलं भलं होतं ते गाणं आवडतं करून घेता येतं.

या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट मात्र पुढची. ऐकण्यावरून म्हणण्यावर या. एक गाणं पूर्ण पाठ करा आणि मोठ्यानं म्हणा. आवाज चांगला नाही, असं तुम्ही म्हणाल, सगळे म्हणतात. गाणं ऐकायला काही लागत नाही. म्हणायला श्वास लागतो, पाठांतर लागतं, ताठ बसावं लागतं, आणि दुसरा ऐकतोय ही लाज गिळावी लागते. हे चारही तुम्हाला आयुष्यात लागणार आहेत. लांब ओळ म्हणताना श्वास सावकाश बाहेर सुटतो आणि सावकाश सोडलेल्या श्वासानं छातीतली धडधड कमी होते. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी २०१३ मध्ये समूहात गाणाऱ्या तरुणांच्या हृदयाचे ठोके मोजले, तर एकत्र गाताना ते एकाच वेळी जलद आणि एकाच वेळी संथ होत होते, कारण ओळीच्या शेवटी सगळे बरोबरच श्वास घेत होते. प्रार्थनेला बसलेल्या चाळीस माणसांचं असंच होत असणार, हे मला पेटीवर बसून रोज जाणवतं.

आमच्या मंडळात एक बाई आली, नवरा गेल्यानंतर. वर्षभर तिनं फक्त टाळ वाजवले, ओठ हलवले नाहीत. मग एका हरिनाम सप्ताहात मागून चरण धरणाऱ्या बाया कमी पडल्या आणि तिला चरण धरावा लागला. आवाज थरथरत होता. त्यानंतर ती म्हणू लागली, पुढे स्वतः सुरुवात करू लागली, आणि पुढच्याच वर्षी ग्रामसभेत उठून नळाच्या पाण्यावर बोलली. मला कोणी विचारलं की गाण्यानं काय केलं, तर मी म्हणेन गाण्यानं तिला तिचा आवाज लोकांमध्ये ऐकायची सवय लावली. नुसतं घरी ऐकून हे झालं नसतं. मंडळ होतं, वेळ ठरलेली होती, ती आली नाही तर घरी निरोप जात होता.

तुमच्या गावात खंजिरी भजनाचं मंडळ असेल, भीमगीतांचा संच असेल, काकडा असेल, दंडारीसारखं लोकनाट्य असेल. धर्म-पंथ काहीही असो, एकत्र म्हणण्याची कुठली तरी जागा गावात असतेच. आठवड्यातून एक संध्याकाळ तिथं जा. खंजिरी धरायला शिका. तिथली गाणी तुमच्या यादीतली नसतील आणि वयस्कर माणसं जास्त असतील. तरी जा. जोशाला जायला रस्ता लागतो आणि तो माणसांमधून जातो. भरतीची तयारी करणारी पोरं दोन-तीन वर्षं लोकांपासून तुटतात, लग्नकार्यात जात नाहीत, कोणी "झालं का सिलेक्शन?" विचारेल म्हणून. मंडळात तो प्रश्न कोणी विचारत नाही, तिथं तुम्ही खंजिरीवाले असता.

एक गोष्ट गंभीरपणे सांगते. गाणं हा उपचार नाही. झोप बरेच दिवस उडाली असेल, भूक मेली असेल, कशातच मन लागत नसेल, जगू नये असं मनात येत असेल, तर गाण्यांच्या माळा लावत बसू नका. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा फुकट क्रमांक आहे, रात्री-अपरात्री कधीही लागतो, मराठीत बोलता येतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगा, आशाताईला सांगा, जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो. आपल्या भागात आपण किती घरं अशी पाहिली आहेत, वेगळं सांगायला नको. तुमच्या पत्रात मला तसं दिसलं नाही, पण हे वाचणाऱ्यांत कोणी असेल म्हणून लिहिलं. दारूसोबत दर्दभरी गाणी ऐकणाऱ्यांनाही हेच, ती जोडी फार वाईट आहे आणि ती आधी तोडावी लागते.

हेडफोनचा आवाज कमी ठेवा. जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित धरते. आवाज वाढला की हे तास झपाट्यानं कमी होतात. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत कानही तपासतात.

बाबांचं राहिलं. गाण्यानं पोट भरत नाही, हे ते खरंच बोलतात, आणि त्यांना जे दिसतं ते असं की पोरगं रात्री जागतं आणि सकाळी उठत नाही. त्यांच्याशी वाद घालू नका. सकाळी पाचला तुम्ही उठलेले दिसलात की गाण्याबद्दलचं त्यांचं मत आपोआप मवाळ होईल. आणि जमलं तर डवरणीला किंवा वेचणीला सोबत असताना त्यांना विचारा, तुमच्या तरुणपणी वावरात काय म्हणत होते. बहुतेक बापांकडे एखादं तरी गाणं असतं, कोणी विचारलेलं नसतं एवढंच. ते शिकून घ्या. ते तुमच्या वडिलांच्या श्वासाच्या मापाचं असेल आणि वावरातल्या कामाच्या लयीचं, म्हणून तुम्हाला म्हणायलाही सोपं जाईल.

कोणती गाणी ऐकू, याची यादी मी देत नाही. माझी आवडती गाणी माझ्या कामांना बांधलेली आहेत, ती तुमच्या हाती नुसती चाल म्हणून येतील. तुमच्या सात-आठमधूनच सुरुवात करा. प्रत्येकाला विचारा की हे गाणं संपल्यावर मी उठतो की पडून राहतो. उठवणारं एक तरी निघेलच. ते पहाटेला द्या. बाकीच्यांपैकी दोन-तीन रात्रीच्या माळेत बसतील. एखादं असं असेल की जे ऐकल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत मन कडवट राहतं, ते महिनाभर बाजूला ठेवून पाहा, काढून टाकायची घाई नको. पाठ करायचं गाणं मंडळात गेल्यावर ठरवा, तिथलीच माणसं सुचवतील. वही आजपासून सुरू करा आणि आठवडा झाला की पहाटेचं गाणं. दोन्ही एका दिवशी सुरू केलं तर नेमकं कशानं फरक पडला ते कळणार नाही.